जटायूनेही वाहनच अडवलं होतं

"रस्ता मोठा झाल्याबिगर गाव मोठं होत न्हाई." येडशीच्या चौकात चहा पिताना हे वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही, तो तिथे नीट बसलाच नाही असं समजावं. बोलणाऱ्याचा हात बहुधा रामलिंगाकडे उठलेला असतो. बालाघाटाच्या झाडीतून वळणं घेत दरीतल्या महादेवाच्या देवळापाशी जाऊन थांबणारा रस्ता त्याला खुपत असतो. तक्रारी खोट्या नाहीत. श्रावणी सोमवारी गाड्यांची कोंडी होते, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, पावसाळ्यात देवळाजवळचा धबधबा आणि डोह बघायला लातूर-सोलापूरची पोरं येतात आणि येडशीत चहासुद्धा न घेता परत जातात. मग उपाय सांगितला जातो: झाडी जरा मागे सरकवा, रस्ता दुपदरी करा, पायरीपर्यंत गाडी जाऊ द्या, वर एखादं रिसॉर्ट होऊ द्या, आणि बघा गावाचं सोनं होतं की नाही.

मी कुठल्या एका फायलीविषयी लिहीत नाही, कुणा एका पुढाऱ्याविषयीही नाही. हा विचार आता एवढा अंगवळणी पडलाय की त्याला कुणी विचार म्हणतच नाही. त्याचं नाव विकास. साहजिकच त्याला उत्तर देणारा विकासाचा वैरी ठरतो. तो शिक्का मारून घ्यायची माझी तयारी आहे. पण त्याआधी त्या म्हणण्यातला एकेक मुद्दा ओट्यावर मांडून निवडू या. गहू किती आणि खडे किती ते दिसेल.

आधी हिशेब. धाराशिव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. १९९७ साली जाहीर झालेलं येडशी रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटर. हे आकडे शेतकऱ्याच्या मापात बसवले तर जिल्हा हे शंभर एकरांचं रान धरावं आणि त्यात अभयारण्य बारा गुंठ्यांचं. उरलेले नव्व्याण्णव एकर अठ्ठावीस गुंठे आपण नांगरले, खोदले, बांधले, त्यात ज्वारी केली, सोयाबीन केलं, ऊसही केला. ते आपलं पोट आहे, त्याबद्दल कुणी बोट दाखवू नये. पण भावकीच्या वाटणीत थोरल्यानं एवढं रान घेतलं आणि वर धाकट्याच्या बारा गुंठ्यांतून गाडीवाट मागितली, तर पंचायतीत बसलेले आपण कुणाच्या बाजूनं बोलू? मराठवाडा हा महाराष्ट्रातला सगळ्यांत कमी जंगलाचा मुलूख, आणि त्यातही लातूर-धाराशिव तळाशी. इथे 'थोडी झाडी मागे सरकवा' म्हणणाऱ्याला विचारलं पाहिजे, की मागे म्हणजे कुठे? मागे शेतच आहे.

यावर एक हमखास उत्तर येतं. "जंगल म्हणायसारखं हाय तरी काय तिथं? उन्हाळ्यात बघा, नुसत्या काड्या." बरोबर आहे, एप्रिलमध्ये काड्याच दिसतात. हे पानगळीचं कोरडं जंगल आहे. धावडा, सालई, साग, पळस उन्हाळ्यात पानं टाकतात, कारण पाणी नसताना पानं सांभाळणं त्यांना परवडत नाही. आपणही दुष्काळात जनावरं छावणीत पाठवतो, तशातलाच प्रकार. तीच काडी जूनच्या दुसऱ्या पावसानंतर पाहावी. तिच्या आडोशानं इथे लांडगा राहतो, तरस राहतो, कोल्हा, ससा, रानडुक्कर, मोर राहतात. कोकणातलं हिरवंगार रान म्हणजेच जंगल असं ज्यानं ठरवलंय, त्याला आपल्या मातीतलं जंगल ओळखू येत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता पहिला मुद्दा, रस्त्यानं गाव मोठं होतं हा. येडशीला रस्ता नाही असं कोण म्हणेल? पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकातल्या अंकोल्याला समुद्राशी पोचणारा राष्ट्रीय महामार्ग ५२, म्हणजे आपला जुना २११, येडशीवरून जातो. चौपदरी झालाय. शिवाय रेल्वे आहे. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत पोचली, तेव्हापासून येडशी रुळांवर आहे, आणि अडीच फुटी रुळांच्या जागी आता ब्रॉडगेज आलीय. उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला जायची सगळी सोय असलेलं हे गाव आहे. रस्त्यांनी गाव मोठं होत असेल तर येडशी एव्हाना मोठं व्हायला हवं होतं. ते का झालं नाही याचं उत्तर रामलिंगाच्या वळणांत शोधणं म्हणजे हरवलेली किल्ली दिव्याखाली शोधण्यासारखं आहे.

उलट चौपदरी रस्त्याचा अनुभव काय सांगतो, तो रस्त्याकाठच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा. रस्ता रुंद झाला की गाडी थांबत नाही. पूर्वी ट्रकवाला चौकात उतरायचा, चहा घ्यायचा, पंक्चर काढायचा. आता तो पुलावरून निघून जातो. रामलिंगाचा रस्ता रुंद झाला तर भाविकाची गाडी थेट पायरीला लागेल, तासाभरात दर्शन उरकेल आणि ती परत महामार्गाला लागेल. येडशीला त्यातून धूळ मिळेल. गावाला पैसा हवा असेल तर पाहुणा गावात थांबला पाहिजे, आणि तो थांबायला त्याला घाई नसावी लागते.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या शेजारचं तेर पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. तिथून कापडाचे गठ्ठे गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून भडोचच्या बंदरात जात, असं तो लिहितो. म्हणजे ज्या काळात इथे रस्ताच नव्हता, त्या काळात इथला माल समुद्रापार जात होता. कारण विकण्यासारखं काहीतरी इथे तयार होत होतं. आज आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे, हा प्रश्न अवघड आहे म्हणून आपण सोपा प्रश्न घेतो: रस्ता किती फुटी?

रामलिंगाचा रस्ता मुळात वाहतुकीचा नाहीच. त्यावरून कुणाचा ऊस कारखान्याला जात नाही, कुणाचं सोयाबीन अडतीला जात नाही. तो देवळापाशी संपतो. ज्या रस्त्याच्या शेवटी बाजार नाही, कारखाना नाही, दुसरं गाव नाही, त्याला महामार्गाची मापं लावणं म्हणजे देवघराला गोदामाचं शटर बसवणं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो माणसांच्या हालांचा आहे. रस्ता अरुंद म्हणून अपघाताची भीती, आणि म्हाताऱ्या, अपंग भाविकांची गैरसोय. यातला पहिला भाग साध्या गणिताचा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत गाडीला चौपट अंतर लागतं. वळणाचा, अरुंद, झाडीतला रस्ता चालकाला सावकाश चालवायला भाग पाडतो. तोच सरळ आणि रुंद केला की तोच चालक वेग वाढवतो, आणि मग समोर ससा आला काय नि देवदर्शनाला चाललेलं लेकरू आलं काय, गाडी वेळेवर थांबत नाही. कोंडी होते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी. त्या चार-पाच सोमवारांसाठी बारा महिन्यांचा रस्ता बदलणं म्हणजे दिवाळीच्या पाहुण्यांसाठी घराच्या भिंती पाडणं.

दुसऱ्या भागाला मात्र उडवाउडवीचं उत्तर देऊन चालणार नाही. जंगल वाचवायचं म्हणून आजीनं दर्शन सोडावं असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी झाडं तोडावी लागतात हे कुणी ठरवलं? माथेरानला जाऊन पाहावं. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटार जात नाही. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनं तो सगळा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र ठरला. शार्लोट तलाव, ज्याचं पाणी गाव प्यायलं, त्याच्याकडे जाणारी लाल मातीची, गर्द झाडीतली वाट लोक पायी चालतात. मोटार नाही म्हणून माथेरान ओस पडलं का? मोटार नाही म्हणूनच तिथे लोक जातात.

माथेरानची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती लबाडी होईल. मोटारी नाहीत म्हणून तिथे माणसानं माणसाला ओढणारी हातरिक्षा चालत राहिली. निसर्गाच्या नावाखाली माणसाच्या खांद्यावर जू ठेवलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि तिच्या जागी ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. त्याच निकालात फरसबंदी मुख्य रस्त्यापुरती मानली आणि आतल्या वाटांवर, जंगलातल्या पायवाटांवर ती नको असंही बजावलं. माणसाची प्रतिष्ठा आणि जंगलाची वाट ही दोन्ही एकाच निकालात सांभाळता येतात, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं करून दाखवलं. मग येडशीत ते का जमू नये? विजेवर चालणाऱ्या चार-दोन छोट्या गाड्या, म्हाताऱ्या आणि अपंग भाविकांसाठी राखीव, आहे त्याच रस्त्यावरून. त्याला रुंदीकरण लागत नाही. लागते ती थोडी व्यवस्था, आणि व्यवस्थेत कंत्राट छोटं असतं, एवढीच तिची अडचण.

तिसरा मुद्दा झाडांचा. "एक तोडलं तर दहा लावू." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की पावसाळ्यातले खड्डे, फोटो आणि पुढच्या मेमध्ये उरलेली ट्रीगार्डची लोखंडी जाळी हे चित्र डोळ्यांपुढे आपोआप येतं. समजा दहाच्या दहा जगली. तरी ती लावणार कुठे? रस्त्याकडेला ओळीनं लावलेली झाडं म्हणजे जंगल नव्हे, ती हजेरीला उभी केलेली पोरं. जंगल म्हणजे धावड्याखालचं गवत, गवतातलं वारूळ, वारुळाशेजारची सीताफळाची जाळी, त्या जाळीत दडलेला ससा आणि त्याच्या वासावर निघालेला कोल्हा. हे रोपवाटिकेत पिशवीत मिळत नाही.

रस्ता रुंद करताना तुटतात ती झाडं मोजता येतात. त्यापुढचं नुकसान मोजलं जात नाही. डोंगराच्या अंगाला रस्ता रुंद करायचा म्हणजे वरच्या बाजूचा उतार कापायचा आणि खालच्या बाजूला भराव टाकायचा. कापलेल्या उताराचा मुरूम पहिल्या जोरदार पावसात खाली येतो. पूर्वी जे पाणी पालापाचोळ्यातून झिरपत, मुळांशी थबकत हळूहळू ओढ्याला जायचं, ते आता गटारातून सुसाट निघतं आणि जाताना माती घेऊन जातं. ती माती शेवटी दरीत, देवळाभोवतीच्या प्रवाहात बसते. वरून झाडोऱ्याची सलग सावली फाटली की ऊन खाली पोचतं, आणि त्या उन्हाबरोबर घाणेरी आणि गाजरगवत आत शिरतात. एका बाजूला पाच-सात मीटर वाढवलेला रस्ता जंगल आतल्या बाजूनं कितीतरी अधिक खातो.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर आपण कुठे राहतो हे आठवून पाहू. बालाघाटाची ही रांग म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांध. एका उतारावरचं पाणी सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतं, दुसऱ्या उतारावरचं तेरणा-मांजरा करत गोदावरीला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. ती याच मार्गानं, कुर्डुवाडी-बार्शी-येडशी करत गेली. कृष्णेचं पाणी टाक्यांत बसून आपला बांध ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात जाताना या भागातल्या लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आणणारे आपण आज त्याच बांधावरची, पाणी अडवून मुरवणारी झाडी रस्त्याच्या आड येते म्हणून कुरकुरतो. बांध फोडणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

कायद्यानं हे आधीच ओळखलंय. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २९ वाचा. अभयारण्यातल्या प्राण्यांच्या अधिवासाचं नुकसान करायला तर बंदी आहेच, पण अभयारण्यात येणारं किंवा तिथून बाहेर जाणारं पाणी वळवायला, अडवायलाही मनाई आहे. परवानगी मिळते ती फक्त वन्यजीवांच्याच भल्यासाठी ते गरजेचं असेल तर. आत हॉटेल किंवा व्यावसायिक निवास बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे 'वर एखादं रिसॉर्ट' हे टपरीवर बोलायला जेवढं सोपं आहे, तेवढं कागदावर नाही, आणि ते तसंच अवघड राहावं.

चौथा मुद्दा श्रद्धेचा. "देव सगळ्यांचा. देवाच्या वाटेवर आडवं येणारे तुम्ही कोण?" या मुद्द्यावर पर्यावरणवाले गडबडतात आणि शहरी भाषेत काहीतरी पुटपुटतात. मला गडबडायचं कारण दिसत नाही. रामलिंगाची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर कथेतच सापडेल. सीतेला घेऊन रावण आकाशमार्गे निघाला. ते पाहून एक म्हातारा पक्षी त्याच्या वाटेत आडवा आला. त्याला ठाऊक होतं की आपलं वय झालंय आणि समोरचा बलाढ्य आहे. तरी त्यानं ते वाहन अडवलं, पंख कापले गेले, आणि तो इथे, या दरीत पडला. रामानं बाण मारून पाणी काढलं आणि त्या पक्ष्याच्या तोंडात घातलं, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. देवळाशेजारी त्या जटायूची समाधी आहे, आपण तिच्यापुढेही हात जोडतो.

आता सांगा, ज्या क्षेत्राचा मोठेपणाच एका पक्ष्यानं वाहन अडवल्यामुळे आहे, त्या क्षेत्रात वाहनासाठी पक्ष्यांचं रान तोडायचं आणि त्याला भक्ती म्हणायचं? देवाच्या वाटेवर आडवं येणारे आम्ही कोण, असं विचारता? आम्ही जटायूच्या बाजूचे. तुम्ही कुठल्या वाहनात बसलाय ते तुमचं तुम्ही पाहा.

श्रद्धेचा मुद्दा काढणाऱ्यांनी कलम २७ सुद्धा वाचावं. अभयारण्यात प्राण्याला डिवचणं आणि कचरा टाकणं दोन्हीला त्यात मनाई आहे. रामलिंगाची वानरं बघा. बिस्किटाचा पुडा, केळी, फुटाणे यांवर ती पोसली जाताहेत. आपल्याला वाटतं पुण्य झालं. त्या वानराला जंगलातली फळं शोधायची सवय सुटते, ते माणसाच्या पिशवीवर झडप घालायला शिकतं, आणि मग आपणच म्हणतो की वानरं माजलीत. रिकामा पुडा तिथेच पडतो. रस्ता रुंद झाला तर माणसं वाढतील, पुडे वाढतील. भक्ती वाढेलच अशी हमी मात्र कुठलाच ठेकेदार देत नाही.

पाचवा मुद्दा नवा आहे, दीड-दोन वर्षांतला. डिसेंबर २०२४ मध्ये अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचं कळलं. शेकडो किलोमीटर चालून, महामार्ग, रेल्वे, कालवे, उसाची रानं ओलांडून तो इथवर आला. त्याला पकडून सह्याद्रीत हलवायला पथकं आली, पण त्यानं त्यांना हुलकावणी दिली. वाघ आल्यावर दोन टोकांची बोलणी सुरू झाली. काहींना वाटलं आता सफारी, जिप्सी, रिसॉर्ट, म्हणून रस्ता हवाच. काहींना वाटलं हे जंगलच नको, त्यात वाघ लपतो.

ज्याचं जनावर वाघानं मारलं, त्याच्या बोलण्याला मी हात लावणार नाही. त्याची भीती खरी आहे आणि त्याची भरपाई वेळेत, गोठ्यापर्यंत आली पाहिजे. पण त्याचा राग जंगलावर काढणं हा उलटा न्याय आहे. २२ चौरस किलोमीटर एका वाघाला पुरत नाहीत, म्हणून तो शिवारात उतरतो. त्यातूनही पट्टी कापून घेतली तर तो जंगलात राहील की शिवारात? आणि सफारीवाल्यांना एवढंच सांगायचं, की असा पाहुणा रस्ता बघून आला नाही. जिथे रस्ते कमी आहेत ते शोधत आला.

देशातला अनुभवही याच बाजूचा आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा होता, तेव्हा न्यायालयीन लढ्यानंतर प्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी भुयारी वाटा आणि पूल बांधावे लागले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. पुढच्या नोंदींत ११ वाघ ८९ वेळा या वाटांखालून गेल्याचं दिसलं. म्हणजे जिथे रस्ता टाळताच येत नाही, तिथेसुद्धा आधी प्राण्याची वाट, मग माणसाची. कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. तो दोन राज्यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, तरी बंद असतो. तिथला व्यापार बुडाला नाही. आणि आपण मात्र देवळापाशी संपणाऱ्या रस्त्यासाठी 'पर्याय नाही' म्हणतो.

इथवर मी विरोधकांना बोल लावले. आता आपल्या बाजूचं अंगण झाडायला हवं. जंगल राखणाऱ्यांबद्दल लोकांच्या मनात अढी आहे ती उगीच नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची खाजगी शेतं आली. जमीन विकायची, विहीर घ्यायची, घर बांधायचं म्हटलं की अडचण. २०१२ साली ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर एका पिढीच्या मनात माळढोक हा पक्षी न राहता सातबाऱ्यावरचा शिक्का झाला होता, आणि माळढोक तर तरीही वाचला नाही. कागदावर मोठी रेघ ओढून लोकांना तिच्या आत कोंडलं तर जंगलाला शत्रू मिळतात, हे आम्ही मान्य केलं पाहिजे. रामलिंगाची गोष्ट मात्र तशी नाही. बारा गुंठे आहेत, बहुतेक वनजमीन आहे. कुणाचं घर पाडून ती राखलेली नाही.

आणि राखल्यानं गावाला काहीच मिळत नाही, हेही खरं असायला नको. साताऱ्याच्या कास पठाराकडे बघा. पठाराशेजारच्या कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत कासचं नाव आलं आणि गर्दी लोटली. फुलं तुडवली जाऊ लागली तेव्हा रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, आधी नोंदणी सुरू केली, आणि शुल्क गोळा करण्याचं, वाट दाखवण्याचं काम आसपासच्या गावांच्या समितीकडे दिलं. पठारावरून कुमुदिनी तलावाकडे जाणारी जुनी राजमार्गाची वाट लोक आजही पायी चालतात आणि त्या चालण्यासाठीच येतात. कासलाही दोष आहेत, कुंपणाचा वाद तिथे रंगला आणि शेवटी ते काढावं लागलं. पण फुलं राखली म्हणून पोरांना काम मिळालं, हे तिथल्या गावकऱ्यांना कुणी भाषणात सांगावं लागत नाही.

येडशीत हे करायला फार मोठं डोकं लागत नाही. श्रावणात आणि सुटीच्या दिवशी खाजगी गाड्या येडशीतच थांबवाव्यात. तिथून एसटीनं किंवा विजेच्या छोट्या गाड्यांनी भाविकांना न्यावं, ज्यांना चालायचंय त्यांना दिवसाउजेडी घोळक्यानं चालू द्यावं. गाडीतळाचं शुल्क ग्रामपंचायतीला आणि वन समितीला मिळावं. गाडीतळाजवळ बचत गटांच्या बायकांचे गाळे असावेत. बालाघाटाचं सीताफळ आणि भूमचा खवा ज्या जिल्ह्यात एकत्र मिळतात, तिथे भाविकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पुड्यातलं बिस्किट का असावं? आहे तो रस्ता खड्डे बुजवून नीट ठेवावा, दरीच्या बाजूला कठडा करावा, सूर्यास्तानंतर फाटक लावावं. यातल्या एकाही कामासाठी एकही धावडा पाडावा लागत नाही.

मग अडतं कुठे? ही सगळी कामं रोजची आहेत. रुंदीकरण एकदाच होतं, त्याचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, फलकावर नावं येतात. फाटक रोज संध्याकाळी लावणाऱ्याचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही. आपण ज्या कामाला टाळ्या वाजवतो, तेच काम पुढारी करतात. दोष एकट्या पुढाऱ्यांचा नाही.

म्हणून येडशी आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला तर 'किती फुटी' हा प्रश्न विचारू नका. 'कुठे थांबायचं' हा विचारा, आणि ठराव त्या प्रश्नाच्या उत्तराचा करा. येत्या श्रावणातल्या एका सोमवारी स्वतःची गाडी येडशीत लावा आणि दिवसाउजेडी, चार माणसांसोबत रामलिंगापर्यंत चालत जा. वाटेत वाहनांचा आवाज थांबला की मोर ऐकू येतो. खाली उतरल्यावर महादेवाचं दर्शन घ्या, मग शेजारच्या समाधीपुढे थोडं थांबा. तिथे जो झोपलाय त्यानं आपलं म्हणणं कधीच मांडलंय.